शाल, श्रीफळ आणि पन्नास हॉर्सपॉवर

माझा धंदा लोकांना पटकन सांगता येत नाही, आणि सांगितला तर समोरच्याचं तोंड उतरतं. लग्न जमवायला गेलो होतो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "सध्या काय करून राहिले?"

मी म्हणालो, "कारखान्यातल्या मोठ्या मोटरींवर रिले बसवतो."

"मंग तो रिले काय करतो?"

"मोटर बंद करतो."

सासरे बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग मध्यस्थाकडे वळून म्हणाले, "चालू करणारा न्हाई भेटला का एखादा?"

तरीही मुलगी मिळाली, ती त्यांच्या थोरल्या जावयामुळे. थोरले जावई म्हणजे भुजंगराव. कुरुंद्याकडचे, हळदीत मुरलेले. त्यांच्या लग्नात मांडवाची लायटिंग मी केली होती. आयटीआय नुकतं झालेलं, शिडीवर चढून माळा बांधत होतो आणि खाली नवरीची धाकटी बहीण "अहो लायटिंगवाले, तो हिरवा दिवा लागून नाही राहिला" म्हणून ओरडत होती. तो दिवा मी तीनदा बदलला. चांगला चालणारासुद्धा बदलला. पुढे माझं स्थळ तिला आलं तेव्हा भुजंगरावांनी सासऱ्यांना शब्द टाकला, "द्या बिनधास्त. माझ्या लग्नात ह्याची लाइट एकदा बी गेली न्हाई." म्हणजे नात्यानं साडू आणि उपकारानं सासऱ्यापेक्षा वरचे. तो उपकार ते आजतागायत वसूल करतात.

आता रिले म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. कारखान्याची मोटर ही राबायला तयार, पण अक्कल नसलेली. झेपत नसेल तरी ओढत राहते. तीन तारांतून तिला वीज येते. त्यातली एक तार गेली तर ती थांबत नाही, उरलेल्या दोन तारांवर घुंघुं करत जोर लावते आणि आतल्या आत जळते. तिघांनी उचललेल्या पोत्याखालून एकानं गुपचूप अंग काढून घ्यावं, तसं. तर तिच्यावर नजर ठेवायला पॅनलमध्ये एक तळहाताएवढा डबा बसवतात. वीज किती खाते, तिन्ही तारा सारख्या आहेत का, अंग तापलंय का, हे तो सारखं बघतो आणि बिघडलं की मोटर बंद पाडतो. ह्यालाच ट्रिप होणं म्हणतात. पण किती खाल्लं म्हणजे जास्त, किती वेळ सहन करायचं, बंद पाडल्यावर पुन्हा कधी चालू होऊ द्यायचं, हे त्या डब्याला आधी सांगून ठेवावं लागतं. ते सांगून ठेवणं हा माझा धंदा. हिंगोलीत माझं छोटं वर्कशॉप आहे आणि जिल्ह्यातल्या जिनिंग, दालमिल, हळदीच्या गिरण्या मी ह्या कामानं पालथ्या घातल्यात.

ह्या धंद्यात मान नाही. रिले गप्प बसला तर मालक विचारतो, "हा फुकटचा करतो काय?" आणि मोटर बंद पाडली तर विचारतो, "ह्यानं केलं काय?" शिवाय प्रत्येक मालकाला सेटिंग थोडं वाढवून पाहिजे असतं. कळमनुरीच्या एका दालमिलवाल्यानं तर मला चहा पाजून, पाठीवर हात ठेवून सांगितलं, "आकडा जरा वरचा ठेवा भाऊ, अडीअडचणीला असावा." भाजीवालीकडं कोथिंबीर मागावी तसा अँपिअर मागतात. मी म्हणालो, "शेठ, मोटरच्या पाटीवर लिहिलंय तेवढंच तिला झेपतं." ते म्हणाले, "पाटीवर काय, बिस्किटाच्या पुड्यावर बी लिहिलेलं असतं. तेवढंच खातो का आपण?"

भुजंगरावांनी हळदीची पावडर करायची गिरणी टाकली तेव्हा मात्र त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. स्टार्टर आणला, मोटर जोडली आणि आपल्या शिवारातली जुनी युक्ती केली. आमच्याकडं लाइट कधी येईल, कधी जाईल, ह्याचा नेम नाही. शेतातल्या पंपापाशी रात्रंदिवस कोण बसणार? म्हणून हिरव्या बटणात बाभळीची चिपटी ठोकून ठेवतात. बटण दाबलेलंच राहतं, लाइट आली की मोटर आपोआप सुरू. शेतात ते खपतं, कारण तिथं फिरणारा भाग विहिरीत असतो. गिरणीत तो माणसांच्या मधोमध असतो. पण चिपटी ती चिपटी. भुजंगरावांनी गिरणीतही ठोकली.

पहिल्याच हंगामात एक तार गेली आणि मोटर जळाली. गिरणी चालवायला उत्तम राठोड म्हणून माणूस आहे, औंढ्याकडच्या तांड्यावरचा, शांत, पण डोळ्यांत सतत हसू दाबलेला. तो मला फोनवर म्हणाला, "भाऊ, मोटरीतून धूर निघाला तवा मालक म्हणले, हळद भाजल्याचा वास येऊन राहिला."

नवीन मोटर आली, पन्नास हॉर्सपॉवरची. ह्या वेळी त्यांच्या बायकोनं, सुमनअक्कानं, हट्ट धरला की प्रल्हादभाऊंना बोलवा. प्रल्हाद म्हणजे मी. गेलो. चिपटी उपटून फेकली, नवा पॅनल बसवला, त्यात चांगला रिले बसवला. मोटरच्या पोटात ताप मोजणारे बारीक सेन्सर असतात, तेही त्याला जोडले. मग पॅनलपुढं उकिडवा बसून एकेक सेटिंग भरू लागलो. भुजंगराव मागं खुर्ची टाकून बसले होते.

"थोडं वाढवून टाक," ते म्हणाले.

"न्हाई."

"घरचं काम हाय."

"म्हणून तर न्हाई."

मोटर पहिल्यांदा चालवायची ती खंडेनवमीला, असं ठरलं. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची, अवजारांची पूजा असते. विळा-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू. सगळे सोयरेधायरे जमले होते. गुरुजी आले, मंत्र झाले. भुजंगरावांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. त्यांनी खिशातून कागद काढून छोटं भाषणच केलं. पहिल्या मोटरीला आपण कधी मान दिला नाही, तिनं मुकाट राबून जीव सोडला, ह्या वेळी ती चूक होणार नाही. एवढं बोलून त्यांनी मोटरचा सत्कार केला. पायाशी श्रीफळ ठेवलं, अंगावर झेंडूचा हार टाकला आणि एक भारीतली शाल पांघरली. पांघरून थांबले नाहीत. पडू नये म्हणून मागच्या बाजूनं तिची दोन टोकं गाठ मारून आवळून बांधली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पॅनलच्या बाजूला, गुरुजींनी रिलेच्या काचेवर लावलेलं कुंकू रुमालानं पुसत होतो. मला ती गाठ दिसली नाही.

मोटर सुरू झाली. काय आवाज होता! एकसुरी, गुळगुळीत. उत्तमनं वरून हळद सोडली, खालून पिवळीधमक पावडर पडू लागली. पेढे वाटले. मंडळी पंगतीला बसली. पुरणपोळीवर तूप पडतंय न पडतंय तोच गिरणी एकदम गप्प झाली.

भुजंगरावांचा घास हातातच राहिला. "काय झालं?"

"रिलेनं ट्रिप केली," उत्तम म्हणाला.

"पहिल्याच दिवशी?" भुजंगराव उठले, हात तसाच खरकटा. "आज? सगळ्या पाव्हण्यांम्होरं?"

मी धावलो. रिलेवर लिहून आलं होतं की मोटर तापली. वीज बघितली तर बरोबर, तिन्ही तारा सारख्या, ओझं जास्त नाही. मग तापली कशानं? मोटरजवळ गेलो आणि कपाळावर हात मारला. मोटरच्या मागच्या बाजूला पंखा असतो. तो बाहेरची हवा ओढून तिच्या अंगावरून सोडतो, त्यावर ती थंड राहते. त्या पंख्याच्या जाळीवर शाल गच्च ओढून चिकटली होती. मी गाठ सोडली, शाल काढली. मागच्या बाजूनं गरम वाफारा आला.

"अरे अरे! सत्काराची शाल काढतात का कुठं?" भुजंगराव ओरडले.

"साडूभाऊ, हिचं नाक दाबलंय तुम्ही. अजून थोडा वेळ गेला असता तर हिचीबी पहिलीसारखी गत झाली असती."

"एवढ्याशा शालीनं?"

"ज्याला पंखा असतो त्याला शाल पांघरायची नाही. एवढं लक्षात ठेवा."

"मंग पंखा नसलेल्याला चालते व्हय?"

"त्याला चालते," मी म्हणालो. मला जेवायला बसायचं होतं.

मग त्यांनी हिरवं बटण दाबलं. मोटर काही चालू होईना, कारण अंग थंड झाल्याशिवाय चालू होऊ द्यायचं नाही, हे मीच रिलेला सांगून ठेवलेलं. भुजंगरावांनी पाच-सहा वेळा बटण दाबलं, मग रिलेकडं वाकून बघितलं. त्याचा तांबडा दिवा लुकलुकत होता. पाव्हण्यांकडं वळून ते म्हणाले, "मला समजलं. मोटरीचा मान ह्याला बघवला न्हाई. जळकुकडं हाय हे."

झालं. त्या दिवसापासून रिलेचं नाव जळकुकडं पडलं. लेकरंसुद्धा तेच म्हणायची. उत्तम फोनवर सांगायचा, "भाऊ, जळकुकडं आज गप हाय." मोटर जळण्यापासून वाचली, हे एकाही पाव्हण्याच्या डोक्यात शिरलं नाही. सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की प्रल्हादच्या डब्यानं पंगतीत मोटर बंद पाडली.

उन्हाळ्यात हळदीचा खरा हंगाम आला. शिजवलेली, वाळवलेली हळद गाड्या भरभरून यायला लागली आणि वळवाच्या वाऱ्यानं लाइट दिवसातून कितीदा तरी जाऊ लागली. आता खरा वाद पेटला. लाइट गेली की मोटर थांबायची आणि आली तरी उभीच राहायची. कुणीतरी पॅनलपाशी जाऊन, आजूबाजूला बघून, रिसेटचं आणि मग हिरवं बटण दाबलं तरच सुरू व्हायची. हेही सेटिंग मीच ठेवलेलं. रिलेमध्ये लाइट आल्यावर आपोआप सुरू होण्याचीही सोय असते. ती मी बंद ठेवली होती.

भुजंगरावांचं घर गिरणीच्या समोरच. दुपारी ते ओट्यावर आडवे व्हायचे आणि गिरणीचा आवाज थांबला की त्यांची झोप मोडायची. लोकांची झोप आवाजानं मोडते, ह्यांची आवाज थांबल्यानं. मग मला फोन.

"सगळ्या शिवाराच्या मोटरी लाइट आली की उठतात. आमचीच काहून झोपून राहते?"

"सगळ्या शिवारात माणसं मोटरीत हात घालत नाहीत. गिरणीत घालतात."

"लाइट नसताना घालतात."

"आणि लाइट सांगून येते का?"

"तू मला नको शिकवू. आपोआपचं कर."

मी केलं नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच रिलेची बटणं दाबायला सुरुवात केली आणि त्यांना कळलं की आत जायला पासवर्ड लागतो. झालं, माणूस पेटला. बुलेटचा नंबर टाकून बघितला. मीटरचा टाकला. गावाचा पिनकोड, मोठ्या पोराचा वाढदिवस, धाकटीचा वाढदिवस. माझ्या लग्नाची तारीखसुद्धा माझ्या सासऱ्यांना विचारून टाकली. फार वेळा चुकीचं टाकलं की तो डबा काही वेळ कुलूप लावून बसतो. "आता तर तोंडच फिरवून बसलं," असा मला निरोप आला.

मग त्यांनी दुसरी वाट धरली. ती माझ्या स्वयंपाकघरातून जात होती.

"अक्काचा फोन आला होता," आमची ही एक दिवस पोळी लाटता लाटता म्हणाली. "दाजी फार चिडचिड करून राहिले म्हणे. त्या एवढ्याशा डब्यापायी माझ्या बहिणीला बोलणी खावी लागतात."

"ते सेटिंग धोक्याचं आहे."

"मग पासवर्ड तरी सांगा. मला सांगायला काय जातं? मी काही परकी आहे?"

"परकी नाहीस म्हणूनच नाही सांगत."

ती लाटणं ठेवून माझ्याकडं बघत राहिली. "तुम्ही आयुष्यभर लोकांच्या मोटरी बंद पाडल्या. एक चालू करायला सांगितली तर जिवावर येतंय." त्यानंतर आमच्या घरी रोज पिठलं होऊ लागलं. मला पिठलं आवडतं, पण रोज आणि न बोलता वाढलेलं नाही. अशा वेळी माणसाचं सेटिंगही हळूहळू सैल पडतं. आपलंच खरं करून काय मिळवलं, असं वाटू लागतं. एवढ्या गिरण्या चिपटीवर चालतात, ह्यांचीही चालेल.

मग शेवटचा निरोप आला. भुजंगराव म्हणाले, "आज येऊन आपोआपचं करून दे. न्हाई तर उद्या वायरमन बोलवून ते जळकुकडं काढून फेकतो आन मोटर डायरेक्ट करतो." डायरेक्ट म्हणजे मधे काहीच नाही. ना रिले, ना राखण. ते ऐकून मी मनाशी हिशेब मांडला, की रिलेच गेला तर मोटरही जाईल आणि माणूसही. त्यापेक्षा एक सेटिंग सोडावं, बाकीची राखण तरी राहील. हा हिशेब शहाणपणाचा होता की पिठल्याचा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेलो. दुपारची वेळ, वारा सुटलेला. उत्तम हळदीनं पिवळा होऊन गिरणीपाशी उभा होता. भुजंगराव विजयी चेहऱ्यानं माझ्या मागं येऊन उभे राहिले. गिरणीतून सकाळपासून कचकच आवाज येत होता. पोत्याची सुतळी आत गेली होती आणि हळद पुढं ढकलणाऱ्या स्क्रूला गुंडाळली होती. हा स्क्रू त्याच मोटरच्या पट्ट्यावर फिरतो. ते नंतर बघू म्हणून मी पॅनल उघडला, अंगानं आडोसा करून पासवर्ड टाकला आणि आत शिरलो. ती ओळ आली. आपोआप सुरू: बंद. बाणाचं बटण दाबलं की 'बंद'चं 'चालू' होणार आणि मग एक बटण दाबून पक्कं करायचं. माझं बोट बटणावर होतं.

लाइट गेली. रिलेची काच काळी पडली, गिरणी घरघरत थांबली.

"ह्या लाइटीच्या..." भुजंगराव म्हणाले. मी पॅनलसमोर तसाच बसून राहिलो. मला हायसं वाटलं, अगदी खरं सांगतो. शिक्षा थोडी पुढं ढकलल्यासारखं.

भुजंगरावांना रिकामं बसवत नाही. "गेलीच हाय तर तेवढी सुतळी काढून घेतो," म्हणत ते गिरणीकडं वळले.

"मालक, म्या काढतो, पट्टा उतरवून," उत्तम म्हणाला.

"पट्टा उतरवायला दुपार जाईल. सरक तिकडं." त्यांनी झाकण उघडलं, बाही वर सारली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. गाल पत्र्याला टेकला होता, डोळे मिटलेले, आत चाचपडत होते. "लागली हाताला. गाठ बसलीय."

मी उठून ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात लाइट आली.

वरचा बल्ब लागला. छताचा पंखा फिरायला लागला. आणि बाहेरच्या शिवारातल्या सगळ्या चिपटीवाल्या मोटरी एकदम घूं करून उठल्या. तो आवाज मी आयुष्यभर ऐकत आलोय, पण असा कधी ऐकला नव्हता. भुजंगरावांनी डोळे उघडले. त्यांनाही तो ऐकू आला होता. त्यांचा हात आतच होता आणि तो बाहेर काढायचंसुद्धा त्यांना सुचत नव्हतं. ते नुसते माझ्याकडं बघत राहिले. मी भुजंगरावांना अनेक वेळा चिडलेलं पाहिलंय, घाबरलेलं तेव्हाच पाहिलं.

आमची मोटर उठली नाही. रिलेचा तांबडा दिवा लुकलुकत होता. कुणीतरी येईल, बघेल, रिसेट करेल, म्हणून तो थांबला होता.

उत्तम एका ढांगेत पॅनलपाशी आला आणि हिरव्या बटणापुढं आडवा उभा राहिला. "कोणी हात लावू नका," तो म्हणाला. पॅनलपाशी माझ्याशिवाय कुणीच नव्हतं, म्हणजे ते मलाच होतं. बरोबर केलं त्यानं.

भुजंगरावांनी हात हळूहळू बाहेर काढला. मुठीत सुतळी होती. हात खांद्यापर्यंत पिवळा झाला होता, नवरदेवाला लागते तशी हळद. ते पोत्यावर बसले. मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. एकेक बोट हलवून बघितलं.

"चालू काहून झाली न्हाई?" त्यांनी विचारलं.

"तिला अजून कुणी सांगितलं नाही म्हणून."

"तू बदललं न्हाईस?"

"बदलतच होतो. लाइट गेली."

आमच्या भागात गिरण्यांतली अशी माणसं आहेत, की नमस्काराला त्यांनी हात जोडले की आपणच नजर खाली घालतो. त्यांच्या गिरण्यांत मला कुणी बोलावलं नव्हतं, किंवा बोलावलं होतं आणि 'उद्या बघू' म्हणून परत पाठवलं होतं. त्या दिवशी त्या सगळ्यांचे हात माझ्या डोळ्यांपुढून गेले. मी भिंतीला धरून खाली बसलो.

सुमनअक्का ताकाचा तांब्या घेऊन आली. "काय झालं? असे काहून बसलात सगळे?"

उत्तमनं चार शब्दांत सांगितलं. अक्कानं तांब्या ठेवला, नवऱ्याशेजारी पोत्यावर बसली, त्यांचा हात मांडीवर घेतला आणि पदरानं एकेक बोट पुसायला लागली. पाचही बोटं पुसून झाली तेव्हा तिनं तोंड उघडलं. पुढं बराच वेळ आम्हा तिघांना मान वर करता आली नाही. त्यात माझाही उद्धार झाला, आणि "पिठलं मीच करायला सांगितलं होतं, ते बी चुकलं माझं" हेही तिनं ओघात सांगून टाकलं.

ती दमल्यावर भुजंगराव माझ्याकडं वळले. आवाज एकदम मऊ. "साडू, पासवर्ड काय हाय? बदलायला न्हाई, आईची शप्पथ. नुसता म्हाईत असावा."

आता काय लपवायचं? मी म्हणालो, "तुमच्या लग्नाची तारीख."

अक्काचा पदर त्यांच्या मनगटावर होता, तो तिथंच थांबला.

"एवढे आकडे टाकले तुमी," अक्का म्हणाली. "बुलेटचा टाकला. मीटरचा टाकला. प्रल्हादभाऊंच्या लग्नाची तारीख बाबांना इचारून टाकली. ही काहून न्हाई टाकली?"

भुजंगराव माझ्याकडं असे बघू लागले, की हात गिरणीत होता तेव्हाही इतके केविलवाणे दिसले नव्हते. "उन्हाळा होता," ते म्हणाले.

"लग्नं उन्हाळ्यातच असतात. तारीख सांगा."

"ह्याला काहून म्हाईत मंग?"

"मी लायटिंग केली होती," मी म्हणालो. "त्या मांडवात मला..." आणि पुढचं गिळलं, कारण हिरव्या दिव्याची गोष्ट अक्काला अजून माहीत नाही.

उत्तमला खोकल्याची उबळ आली म्हणून तो बाहेर गेला. खोकला बराच वेळ चालला, आणि फार आनंदी होता. तर अशा रीतीनं पासवर्ड सांगूनही सेटिंग सुरक्षित राहिलं. तारीख अक्काला पाठ आहे, पण ती सांगत नाही. म्हणते, आठवेल त्या दिवशी बदला. मी जिल्ह्यात इतके रिले बसवले, पण इतकं भक्कम कुलूप दुसरीकडं कुठंच नाही.

गिरणी नीट चालू आहे. लाइट गेली की थांबते, आली तरी उभीच राहते, उत्तम आजूबाजूला बघतो, मोठ्यानं हाळी देतो, मग बटण दाबतो. आता तर भुजंगराव शेजारच्या गिरणीवाल्यांना चिपटीवरून शिव्या देतात. ह्या धंद्यातलं दुःख असं, की आपलं काम जमलं तर काहीच घडत नाही, आणि न घडलेली गोष्ट कुणाला दाखवता येत नाही. मला ती एकदा डोळ्यांनी बघायला मिळाली. खांद्यापर्यंत पिवळी होती.

परवाच्या खंडेनवमीला पुन्हा बोलावणं आलं. निघताना ही कपाटातून माझा इस्त्रीचा सदरा काढून देत म्हणाली, "हा घाला. यंदा दाजींनी शाल आणलीय, अक्का सांगत होती. कुणाचा तरी सत्कार आहे म्हणे." आणि हसली. मी दाढी दुसऱ्यांदा केली.

सगळे सोयरे जमले होते, तेच मागच्या वर्षीचे. मोटरला नुसतं हळदकुंकू आणि एक फूल, तेही पंख्यापासून लांब. मग भुजंगरावांनी खिशातून कागद काढला. आपल्या घरावर ज्याचे उपकार आहेत, ज्याला आपण नाही नाही ते बोललो, ज्यानं राग न धरता आपलं काम केलं, असं काय काय वाचलं. वाचताना त्यांनी दोनदा डोळे पुसले. मीही पुसले. शालीची घडी मोडून ते पुढं आले आणि मी थोडं वाकून मान पुढं केली.

ते माझ्या शेजारून पुढं गेले. पॅनलचं दार उघडलं आणि रिलेच्या अंगावर शाल पांघरली, दोन्ही टोकं हळुवार खोचली. दिवा झाकला जाऊ नये म्हणून कड थोडी दुमडली. मग त्याच्यापुढं हात जोडले. दोन्ही हात, दहा बोटं. "चुकलं बाबा माझं," ते म्हणाले.

श्रीफळ मात्र मला दिलं.

खरं सांगतो, पहिल्यांदा वाईट वाटलं. इस्त्रीचा सदरा, दोनदा दाढी. मग त्या जोडलेल्या हातांकडं बघितलं आणि वाईट वाटायचं थांबलं. उत्तम हळूच माझ्या कानाशी आला. डोळ्यांत तेच दाबलेलं हसू.

"भाऊ, शाल काढावी का? गेल्या साली तुमी काढली होती."

"राहू दे," मी म्हणालो. "ह्याला पंखा नसतो."